हात, ताट आणि अंतःकरण

मार्काच्या शुभवर्तमानातील सातवा अध्याय मराठी वाचकास परका वाटावा असे त्यात फारसे काही नाही. ज्याने आपल्या आजीचे सोवळे उंच दांडीवर काठीने वाळत घातलेले पाहिले आहे, पारोशाने देवघराचा उंबरा ओलांडू नये हा दंडक लहानपणी ऐकला आहे, आणि कोणाच्या हातचे पाणी चालते व कोणाच्या हातचे चालत नाही याचा हिशेब घरातील वडीलधारी माणसे किती बारकाईने ठेवीत हे ज्याला ठाऊक आहे, त्याला गालील प्रांतात एका जेवणाच्या वेळी उपस्थित झालेला तो वाद समजावून सांगण्याची गरज पडू नये. वाद हात धुण्याचा होता. यरुशलेमेहून आलेल्या काही शास्त्र्यांनी आणि परूश्यांनी येशूच्या काही शिष्यांना हात न धुता भाकरी खाताना पाहिले आणि पूर्वजांचा संप्रदाय यांनी का मोडला, असा जाब त्यांच्या गुरूस विचारला. त्या जाबास मिळालेले उत्तर आणि त्या उत्तरामागोमाग मार्काने सांगितलेली एका परदेशी बाईची हकिगत, ही दोन्ही सलग वाचली म्हणजे ख्रिस्ती शिकवणुकीतील एक मुख्य धागा हाती येतो. आणि तो धागा हृदयातून निघून थेट पंगतीपर्यंत कसा जातो, हे दाखविण्याचा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम परूश्यांविषयी न्यायाने बोलले पाहिजे, कारण त्यांच्यावर ढोंगीपणाचा शिक्का मारून मोकळे होण्याची सवय पुष्कळांना जडलेली आहे. मोशेच्या नियमशास्त्रात, विशेषतः लेवीय या पुस्तकाच्या अकराव्या ते पंधराव्या अध्यायांत, कोणते अन्न वर्ज्य आणि कोणत्या अवस्थेत माणूस अशुद्ध, याचे तपशीलवार विवरण आहे. ही अशुद्धता म्हणजे पाप नव्हे. बाळंत झालेली स्त्री अशुद्ध मानली जाई आणि मृताला मूठमाती देणाराही अशुद्ध ठरे, यद्यपि अपत्यप्राप्ती हा आशीर्वाद आणि प्रेतसंस्कार हे पुण्यकर्म, याविषयी कोणालाच शंका नव्हती. शुद्धतेचा मूळ संबंध यरुशलेमेतील मंदिराशी होता. आणि परूश्यांची आकांक्षा अशी होती की, जे पावित्र्य याजकाने मंदिरात राखावयाचे ते सामान्य गृहस्थानेही आपल्या घरच्या ताटाशी राखावे, जेणेकरून प्रत्येक घर हेच एक मंदिर व्हावे. या आकांक्षेत क्षुद्र असे काही नाही.

ही आकांक्षा त्या काळी किती खोलवर रुजली होती, याची साक्ष आज जमीनच देते. पायऱ्या उतरून स्नान करावयाची शेकडो लहान कुंडे पॅलेस्टाइनमधील उत्खननांत सापडली आहेत. पांढऱ्या मऊ चुनखडीच्या दगडातून कोरलेले पेले, वाडगे आणि मोठाले रांजणही जागोजाग सापडतात, कारण मातीच्या भांड्यास विटाळ होतो आणि ते फोडूनच टाकावे लागते, परंतु दगडास विटाळ होत नाही, अशी समजूत होती. काना गावच्या लग्नात पाण्याचे सहा दगडी रांजण होते, असे योहान सहज लिहून जातो, त्याचे कारण हेच. पुढे मिश्ना या यहुदी धर्मसंग्रहात हातांच्या शुद्धीसाठी एक स्वतंत्र प्रकरणच रचले गेले आणि हातांवर घ्यावयाच्या पाण्याचे माप पाव लोग, म्हणजे सुमारे दीड अंड्याइतके, ठरविण्यात आले. मार्काने हात धुण्याचे वर्णन करताना वापरलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘मूठ’ असा आहे. मूठभर पाण्याने, मूठ वळून, की मनगटापर्यंत, याविषयी पंडितांचा वाद अद्याप मिटलेला नाही. हे धुणे आरोग्यासाठी नव्हते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. हात स्वच्छ असले तरी ते अशुद्ध असू शकत, जसे आपल्याकडे धुतलेले वस्त्रही ओवळे असू शकते.

येशूचे उत्तर दोन पायऱ्यांचे आहे. पहिल्या पायरीवर तो प्रश्नकर्त्यांपुढे त्यांचेच एक उदाहरण ठेवतो. एखादा मनुष्य आपली मालमत्ता ‘कुर्बान’, म्हणजे देवास वाहिलेली, असे जाहीर करी आणि मग त्या संकल्पाच्या आडून वृद्ध आईबापांचा निर्वाह करण्यास असमर्थता दाखवी. शपथ मोडता येत नाही हा नियम पुढे करून मातापित्यांचा मान राखण्याची मूळ आज्ञाच मोडली जाई. हा हिब्रू शब्द, त्याचा अरबी भाऊबंद फारसी अमलात आपल्या भाषेत रुळल्यामुळे, मराठी कानाला ओळखीचा वाटतो. अर्थही दूरचा नाही. यशया संदेष्ट्याने कित्येक शतकांपूर्वी आपल्या लोकांवर ठेवलेला ठपका, की ते ओठांनी देवाचा सन्मान करतात परंतु त्यांचे अंतःकरण त्याच्यापासून दूर आहे, येशू येथे जसाच्या तसा उचलतो. तेव्हा हा वाद एका धर्माने दुसऱ्या धर्माशी घातलेला नसून इस्राएलच्या घरातलाच आहे. आमोसाने उत्सवांपेक्षा न्यायाला थोर ठरविले, स्तोत्रकर्त्याने निर्मळ हृदयाची याचना केली, त्याच परंपरेच्या मुखाने येशू बोलतो आहे.

दुसऱ्या पायरीवर तो लोकसमुदायाला जवळ बोलावून सांगतो की, बाहेरून आत जाणारे काहीही माणसाला भ्रष्ट करीत नाही, आतून बाहेर येते तेच त्याला भ्रष्ट करते. घरात गेल्यावर शिष्य अर्थ विचारतात, तेव्हा तो अगदी रोखठोक खुलासा करतो: अन्न पोटात जाते व देहाबाहेर पडते, हृदयात ते शिरतच नाही. येथे मार्क स्वतःचे एक वाक्य घालून कळवितो की, अशा रीतीने सर्व अन्ने शुद्ध ठरविण्यात आली. त्यापुढे अंतःकरणातून निघणाऱ्या बारा दोषांची यादी येते. मूळ ग्रीकात त्यांतील पहिली सहा नावे अनेकवचनी आहेत. चोऱ्या, खून, व्यभिचार यांसारखी ती घडलेली कृत्ये होत. पुढील सहा एकवचनी आहेत. कपट, हेवा, गर्व यांसारखे ते स्वभाव होत. कृत्यांकडून स्वभावाकडे, म्हणजे फांदीकडून मुळाकडे, अशी ही यादी उतरत जाते.

ही शिकवण आचाराचे ओझे हलके करते असे कित्येकांना वाटते. वस्तुतः ती ते वाढविते. हातांस पाव लोग पाणी पुरते, आणि ते ओतून झाले की मनुष्य निश्चिंत मनाने जेवावयास बसतो. परंतु शेजाऱ्याची भरभराट पाहून मनात जी कळ उठते ती धुवावयास किती पाणी लागेल, याचे माप कोणत्याही ग्रंथात दिलेले नाही. बाह्य शुद्धीचा हिशेब दिवसाअखेर पुरा करता येतो, आंतरिक शुद्धीची बाकी मात्र नेहमी पुढे ओढावी लागते. म्हणूनच डोंगरावरील प्रवचनात अंतःकरणाने शुद्ध असलेल्यांना जे वरदान सांगितले आहे ते देवदर्शनाचे आहे. त्याहून थोर फल धर्माजवळ देण्यासारखे नाही, आणि ते स्वस्तात मिळणारेही नाही.

इथवरची शिकवण कोणत्याही साधुवृत्तीच्या माणसाला पटेल. तिची परीक्षा मात्र पुढच्याच ओळीत सुरू होते. येशू तेथून उठतो आणि सोर प्रांताच्या हद्दीत जातो. सोर हे भूमध्य समुद्रावरील संपन्न व्यापारी शहर. तेथील चांदीची नाणी इतकी अस्सल की यरुशलेमेच्या मंदिराची पट्टीही त्याच नाण्यांत भरली जाई. परंतु सोरकर व यहुदी यांच्यांत सख्य नव्हते, आणि सोर-सिदोनचे लोक धान्यासाठी यहुदी राजाच्या मुलखावर अवलंबून होते, असे प्रेषितांच्या कृत्यांत नमूद आहे. भाकरी कोणाच्या तोंडची आणि जाते कोणाच्या ताटात, हा त्या सरहद्दीवरचा रोजचा प्रश्न होता.

तेथे एका घरात तो कोणाला न कळत उतरला असता एक बाई येऊन त्याच्या पायांवर पडते. तिच्या लहान मुलीला अशुद्ध आत्म्याने पछाडले आहे. मार्क तिला ग्रीक, जन्माने सुरफुनीकी म्हणतो. मत्तय तिला कनानी म्हणतो, म्हणजे इस्राएलच्या जुन्यात जुन्या वैऱ्यांच्या नावाने तिची ओळख करून देतो. भूमी परकी, स्त्री परकी, आणि घरात अशुद्ध आत्मा. विटाळाची जेवढी म्हणून कलमे लावता येतील तेवढी सर्व तिच्यावर लागू होती. आणि येशूचे पहिले उत्तर कठोर आहे. मुलांना आधी पोटभर जेवू द्यावे, त्यांची भाकरी घेऊन कुत्र्यांपुढे टाकणे ठीक नाही, अशा अर्थाचे ते उत्तर. मूळ शब्द घरातल्या लहान कुत्र्यांचा आहे, उकिरड्यावरच्या नव्हे, असे भाष्यकार दाखवून देतात, आणि ‘आधी’ या शब्दाने दार किलकिले ठेवले आहे असेही सांगतात. कोणी म्हणतात त्याने तिच्या श्रद्धेची कसोटी पाहिली. कोणी म्हणतात तिच्या बोलण्याने त्याचेच कार्यक्षेत्र विस्तारले. खुलासा कोणताही स्वीकारला तरी शब्दांची धार बोथट होत नाही, आणि ती बोथट करू नये हेच बरे. कारण सीमेपलीकडच्या माणसाला जे ऐकावे लागते ते शुभवर्तमानकाराने लपविले नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा आहे.

बाई रागावून निघून जात नाही आणि आपल्या कुळाची थोरवीही सांगत बसत नाही. ती त्याच दृष्टांताच्या आत शिरते व म्हणते की, मुलांच्या हातून पडलेले तुकडे मेजाखाली बसलेली कुत्रीही खातात. तिच्या या अर्जाला शिफारस नाही, वंशाचा दाखला नाही, शुद्धीसंस्काराचा पुरावा नाही. देणाऱ्याच्या घरी इतकी विपुलता आहे की सांडलेल्या कणानेही माझे लेकरू वाचेल, एवढा एकच विश्वास तिच्यापाशी आहे. येशू तिला सांगतो की या तिच्या बोलण्यामुळे मुलगी बरी झाली आहे. मत्तयाच्या हकिगतीत तो तिच्या श्रद्धेला मोठी म्हणतो. पाण्यावरून चालत गेलेल्या पेत्राला त्याच मत्तयाने थोड्याच आधी अल्पविश्वासी म्हटलेले नोंदविले आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या ‘मोठी’ या विशेषणाचे वजन कळते. ती घरी जाते तो मुलगी बिछान्यावर स्वस्थ पडलेली असते.

मार्काने या दोन गोष्टी एकापुढे एक का ठेवल्या, हे आता उघड व्हावे. अन्नाने माणूस विटाळत नसेल, तर माणसाच्या स्पर्शाने अन्न तरी कसे विटाळेल? ताटावरचा निर्बंध उठला की ताटाशी बसणाऱ्यावरचा निर्बंधही उठतो. आणि हे सारे प्रकरण भाकरीच्या भोवती गुंफलेले आहे: सहाव्या अध्यायात पाच भाकरी व दोन मासे यांवर पाच हजार पुरुष जेवतात आणि बारा टोपल्या उरतात, सातव्यात भाकरी कोणत्या हातांनी खावी याचा वाद होतो आणि एक बाई भाकरीचे तुकडे मागते, आठव्यात सात भाकरींवर चार हजार माणसे जेवतात आणि सात टोपल्या उरतात. बाराची टोपली इस्राएलच्या बारा वंशांची आणि सातांची सर्व राष्ट्रांची, असे पुष्कळ भाष्यकार मानतात. या दोन पंगतींच्या मधोमध ती सोरची बाई उभी आहे. जणू तिने तुकडा मागितला म्हणूनच दुसरी पंगत मांडली गेली.

ही एकटी घटना नव्हे. कफर्णहूम येथील रोमी शताधिपतीने आपल्या छपराखाली येशूने यावे अशी आपली योग्यता नाही असे म्हटले, तेव्हा असा विश्वास आपल्याला इस्राएलातही आढळला नाही, असे येशू म्हणाला. याकोबाच्या विहिरीवर तर त्याने स्वतःच एका शोमरोनी स्त्रीपाशी पाणी मागितले, ज्या शोमरोन्यांशी यहुद्यांचा भांड्याचाही व्यवहार नसे. येथे क्रम उलटा आहे. वरिष्ठ मानला गेलेला मागतो आहे आणि कनिष्ठ मानली गेलेली देणार आहे. परक्याला दान देणे सोपे असते. परक्याच्या हातचे पाणी पिणे कठीण असते, हे आपल्या देशाइतके कोणाला ठाऊक आहे?

गुरूच्या मागे शिष्यांना हा धडा पुन्हा गिरवावा लागला. पेत्र यापो येथे समुद्रकाठी कातडी कमावणाऱ्या एका शिमोनाच्या घरी उतरला होता. मेलेल्या जनावरांचे कातडे हाताळणारा हा धंदा यहुदी समाजातही ओवळाच गणला जाई. भर दुपारी, भुकेल्या पोटी, धाब्यावर प्रार्थना करीत असता त्याला दृष्टांत झाला की, चारी कोपरे धरलेली एक मोठी चादर आकाशातून उतरत आहे आणि तिच्यात वर्ज्य-अवर्ज्य सर्व प्राणी आहेत. मारून खा, अशी आज्ञा तीनदा झाली आणि पेत्राने तीनदा नाकारली. इतक्यात कैसरियाहून कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीची माणसे दाराशी आली. दृष्टांत अन्नाचा होता, परंतु पेत्राने त्याचा अर्थ माणसांना लावला: कोणाही मनुष्यास ओवळा किंवा अशुद्ध म्हणू नये, हे देवाने आपल्याला दाखविले, असे तो कर्नेल्याच्या घरात उभा राहून म्हणतो. पुढे यरुशलेमेत, इ. स. ४९ च्या सुमारास भरलेल्या सभेत, परराष्ट्रीयांनी सुंता करावी की नाही याचा फैसला होत असता, तोच पेत्र उठून सांगतो की देवाने त्यांची अंतःकरणे विश्वासाने शुद्ध केली आणि आपल्यात व त्यांच्यात भेद ठेवला नाही. आंतरिक शुद्धी आणि सीमा ओलांडणारी श्रद्धा, हे दोन वेगळे विषय त्या एका वाक्यात एकरूप झाले आहेत.

आणि तरीही हाच पेत्र अंत्युखियात घसरला. तेथे तो परराष्ट्रीय ख्रिस्ती बांधवांबरोबर एका मेजावर जेवत असे. पण यरुशलेमेच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसे आली तशी त्यांच्या भयाने तो मागे सरला व निराळा बसू लागला, आणि त्याचे पाहून बर्णबासारखा उदार मनुष्यही ओढला गेला. पौलाने सर्वांसमक्ष त्याला तोंडावर विरोध केला, आणि ही हकिगत गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात स्वतः नमूद करून ठेवली. येथे सिद्धांताविषयी मतभेद नव्हता, पेत्राचे मत बदललेले नव्हते; फक्त चार प्रतिष्ठित माणसे पाहत असता त्याचे पाय मागे आले. हृदयात मान्य केलेली समता ताटापाशी येऊन अडते, ती अशी.

आपल्या भूमीवर ख्रिस्ती मंडळीही याच ठिकाणी अडखळली आहे, हे सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक ठरणार नाही. गोव्यातील अनेक चर्चमधील ‘कॉनफ्रारिया’ नामक धर्मबंधूंचे संघ जातवार विभागलेले राहिले. दक्षिण हिंदुस्थानातील मंडळ्यांत जातवार बसण्याचा शिरस्ता इतका दृढ झाला होता की, १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांना तो ताबडतोब व कायमचा सोडावा असे फर्मान काढावे लागले, आणि त्या फर्मानास मंडळींतूनच कडवा विरोध झाला. बाप्तिस्म्याचे पाणी कपाळावर पडले, पण पंगतीतली रेघ पुसली गेली नाही.

त्या रेघेचे सामर्थ्य पुण्याने १८९० साली पाहिले. पंचहौद मिशनमध्ये सभेनिमित्त जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली; कोणी चहा घेतला, कोणी नुसता ओठाला लावला, कोणी पेला तसाच ठेवला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात प्रसिद्ध होऊ दिली आणि गावात ग्रामण्य माजले. न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्या पुरुषांचाही त्या उपस्थितांत समावेश होता. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली आणि अखेर प्रायश्चित्ताचा निर्णय झाला. पेल्यात चहाच होता, आणि तो कोणाच्या अंतःकरणात शिरलेला नव्हता.

या पार्श्वभूमीवर लक्ष्मीबाई टिळकांचा अनुभव मला फार मोलाचा वाटतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या, आणि पुढे पतीजवळ राहावयास आल्यावरही त्यांनी आपले सोवळे, आपले पाणी, आपली चूल निराळी सांभाळली. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी लिहिले आहे की, कोणी वाद घालून नव्हे, तर एके दिवशी मनाशी विचार करता करता त्यांना उमगले की जाती देवाने केल्या नाहीत, त्या माणसाने केल्या; आणि त्या क्षणापासून कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्यांची हरकत उरली नाही. बाप्तिस्मा त्यांनी पुढे १९०० साली घेतला. म्हणजे अंतःकरणातली रेघ आधी पुसली, ताटावरची त्यामागोमाग गेली, आणि संस्कार सर्वांत शेवटी आला. कर्नेल्याच्या घरीही क्रम हाच होता.

शुद्धतेची ओढ माणसाला स्वभावतःच असते, आणि ती वाईट नाही. सोवळ्यात स्वयंपाक करणाऱ्या आपल्या आज्यांच्या निष्ठेत जे पावित्र्य होते त्याचा अवमान करण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. परंतु जी शुद्धता शेजारच्या माणसाला दूर बसवूनच टिकते, ती त्या निष्ठेचा नाश करणारी आहे, असा या अध्यायाचा निर्णय आहे, आणि तो ख्रिस्ती मनुष्याला सर्वांआधी लागू आहे. वाचकाने हा लेख बाजूस ठेवल्यावर एवढेच करावे: आपल्या घरी कामास येणाऱ्या माणसाचा चहाचा पेला कोठे ठेवलेला असतो, तो घरच्या पेल्यांतच असतो की निराळा कोपऱ्यात, हे एकदा उठून पाहावे, आणि निराळा असेल, तर तो आजच इतरांत मिसळून टाकावा.